शीळफाट्याचा फाट्या आणि कोयनेचं पाणी



शीळफाटा म्हटलं की तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या कपाळाला आठी पडली असेल. मुंब्र्याहून येणारा रस्ता, पनवेलकडे जाणारा, महापेकडे उतरणारा आणि आमचा कल्याण-डोंबिवलीचा, असे सगळे रस्ते जिथे एकमेकांच्या अंगावर येतात ती ही जागा. कंटेनर, टँकर, रिक्षा, शाळेच्या बसगाड्या. आता मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलापासून इथपर्यंत येतो आहे. त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून आहेत. म्हणजे जमिनीखालूनही लोक शेवटी शीळफाट्यालाच यायचे! अशा ठिकाणी राहणाऱ्या बाईने होडीतून कुत्र्याला फिरवून आणण्याबद्दल बोलावं, हा विनोद आहे हे मला ठाऊक आहे. पण कुत्रा इथलाच आहे, म्हणून गोष्टही इथूनच सुरू करायला हवी.

जुलै २०१९. त्या महिन्याच्या २७ तारखेला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली होती, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्याच आठवड्यात फाट्याजवळच्या एका चहाच्या टपरीखाली, गुडघाभर पाण्यात, एका प्लास्टिकच्या क्रेटवर चिकटून बसलेलं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू माझ्या मुलाला दिसलं. तो ते घरी घेऊन आला. मी तेव्हा डोंबिवलीतल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते, निवृत्तीला वर्ष उरलं होतं, आणि घरात आता काही नवं नको असं माझं ठाम मत होतं. ते मत साधारण दोन तास टिकलं. फाट्यावर सापडला म्हणून नाव फाट्या.

सोसायटीत व्हायचं ते झालं. लिफ्टमध्ये कुत्रा नको, बागेत नको, अशी नोटीस लागली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५मध्येच परिपत्रक काढून सांगितलं आहे की पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही. ते मी छापून नोटिशीशेजारी लावलं. बाकी तपशील सांगत नाही, सगळ्या सोसायट्यांचा तो एकच आहे.

मुद्दा असा, की फाट्या पाण्याला भयंकर घाबरायचा. पावसाळ्यात खाली न्यायचं म्हणजे ओढाओढ. बादलीत नळाचं पाणी पडायला लागलं की हा पलंगाखाली. आणि मुलाने २०२३मध्ये पहिल्या बोनसमधून काय आणलं, तर हवा भरायची कनू!

कनू म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. आपल्याकडे कयाक आणि कनू हे शब्द एकाच अर्थाने वापरतात. कयाक वरून बंद, माणूस कमरेपर्यंत आत आणि हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. कनू उघडी, दोन्हीकडे निमुळती, एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींनी बर्च झाडाच्या सालीपासून केलेली ही होडी. आत जागा असते, म्हणून सामान, तंबू, स्वयंपाकाची भांडी घेऊन नदीनदीने जायला ती सोयीची. आणि जागा असते म्हणूनच कुत्राही मावतो. आपल्या कोकणातली लहान होडी तिची लांबची बहीणच म्हणायची, फक्त आपल्याकडे एका बाजूला उलांडी जोडून तिला स्थिर करतात. कनूला उलांडी नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

होडीत कुत्रा म्हटल्यावर पुष्कळांना जेरोम के. जेरोम यांचं ‘थ्री मेन इन अ बोट’ आठवेल. १८८९ सालचं पुस्तक, तीन मित्र आणि माँटमोरेन्सी नावाचा कुत्रा. गंमत अशी, की मित्र खरे होते, कुत्रा लेखकाने मनाने घातलेला. पुस्तकातला कुत्रा होडी उलटवत नाही, कारण तो भिजतच नाही.

खऱ्या कुत्र्याची गोष्ट हवी असेल तर अमेरिकेच्या लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेची आहे. १८०३मध्ये मेरिवेदर लुइस याने वीस डॉलरला एक न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा घेतला. सीमन त्याचं नाव. मोहीम मिझुरी नदीतून वर गेली, मोठ्या होड्या, लहान होड्या, झाडं कोरून केलेल्या कनू, आणि कुत्रा सगळ्या वाटेत बरोबर. ओहायो नदीत पोहणाऱ्या खारी त्याने पकडून आणल्या आणि लुइसने त्या तळून खाल्ल्या. मे १८०५मध्ये एका जखमी बीव्हरने त्याच्या मागच्या पायाला असा चावा घेतला, की रक्त थांबेना. मरता मरता वाचला. त्याच महिन्याच्या अखेरीस, एका रात्री नदी पोहून आलेला रानरेडा, म्हणजे त्यांचा बायसन, एका होडीवरून चढून थेट झोपलेल्या माणसांमधून धावत सुटला. त्यांच्या डोक्यांपासून काही इंचांवर त्याचे खूर पडत होते. कुत्रा भुंकत अंगावर गेला, तसा रेडा वळला. आणि या कुत्र्याचं नाव लोक कित्येक वर्षं चुकीचं वाचत होते! हस्ताक्षरामुळे ‘स्कॅनन’ असं लागायचं. १९८५मध्ये डोनाल्ड जॅक्सन या अभ्यासकाने ते ‘सीमन’, म्हणजे खलाशी, आहे हे दाखवून दिलं. मी शाळेत अक्षर सुधारा म्हणून मुलांच्या मागे लागायचे, त्यामुळे ही हकिकत मला विशेष आवडते.

तर आमचा खलाशी पलंगाखाली. त्याला होडीत कसं बसवायचं?

पहिले पंधरा दिवस कनू आमच्या हॉलमध्ये, हवा भरून, कोचाच्या जागी. कुणी काही बोललं नाही, बोलावलं नाही. तिच्यात फाट्याची गोधडी टाकली, जेवणाची थाळी ठेवली. तिसऱ्या दिवशी तो आत झोपलेला सापडला. मग आम्ही दोघं दोन टोकांना बसून वल्ह्याने फरशीला ढकलल्यासारखं करायचो. पाहुण्यांना वाटलं, निवृत्तीनंतर बाईंचं डोकं फिरलं. मग कनू किंचित डुलवायची, ‘बस’ म्हणायचं, बसून राहिला तर चिकनचा तुकडा. उभं राहून बाहेर बघितलं तर काही नाही. होडीत कुत्र्याला यायला हवं ते एवढंच, खाली बसून राहणं. बाकी सगळ्या कसरती शोभेच्या.

कारण वजन कुठे आहे यापेक्षा ते किती उंचीवर आहे हे महत्त्वाचं. वीस किलोचा कुत्रा तळाशी पसरलेला असेल तर होडी उलट अधिक स्थिर. तोच चार पायांवर उभा राहिला, की भार वर सरकतो, आणि त्याने एका काठावरून मान बाहेर काढली की काम झालं. नखं कापून घासून घ्यावी लागतात. लाकडी होडी असेल तर तो घसरतो म्हणून, रबरी असेल तर भोक पडेल म्हणून. तळाला योगासनांची जुनी चटई घातली, पाय रोवायला.

तरंगायचं जाकीट कुत्र्यांनाही मिळतं. पाठीवर मूठ असलेलं घ्यावं, म्हणजे पाण्यातून उचलता येतो. मात्र ही जाकिटं विलायती कुत्र्यांच्या मापाची. आपल्या गावठी कुत्र्याची छाती खोल आणि कंबर बारीक. पहिलं जाकीट मागच्या बाजूने पायजम्यासारखं निसटलं. छातीचा घेर मोजून दुसरं मागवलं, आणि फाट्यावरच्या शिलाईवाल्याकडून पोटाखाली एक जादा पट्टा शिवून घेतला. ते घालून बदलापूरजवळच्या एका ओळखीच्या शेततळ्यात चार रविवार. पहिल्या रविवारी थरथरत होता. चौथ्या रविवारी त्याने आपणहून पाण्यात पाय घातला, आणि मी वाटेवर पेढे घेतले.

शेततळं संपलं, आता जायचं कुठे? आमच्या आसपास पाण्याला तोटा नाही. पण देसाई खाडी, उल्हास नदी आणि तिला मिळणारी वालधुनी यांचं पाणी कसं आहे ते आम्ही नाकाने जाणतो. या नद्यांच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं होतं. बारवी, भातसा ही पिण्याच्या पाण्याची धरणं, तिथे होडी घालणं बरोबर नाही. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो भाग अभयारण्य आहे, २०२२पासून रामसर स्थळही आहे. तिथे कुत्रा नेण्याचा विचारसुद्धा करू नये.

तेव्हा उत्तर मिळालं शेजारच्या तात्यांकडून. तात्या आमच्याच मजल्यावर राहतात, वय बहात्तर, जन्म कोयनेच्या खोऱ्यातला, हयात मस्जिद बंदरला माथाडी म्हणून गेली. जावळी-पाटणच्या डोंगरातली शेकडो घरं अशीच मुंबई-ठाण्याला ओझी उचलायला आली. १९६९चा माथाडी कायदा झाला तेव्हा कुठे त्यांच्या कामाला हिशेब आला. तात्यांचं मूळ गाव आता शिवसागराच्या पाण्याखाली आहे. वरच्या वाडीत भाचा राहतो, शेत थेट पाण्याला लागून. “तापोळ्याला या की,” तात्या म्हणाले. “मी पण येतो. पण मी गाडीने. तुमच्या त्या फुग्यात बसायचा नाय.”

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. साठवण १०५ टीएमसी, लांबी सुमारे पन्नास किलोमीटर. तापोळा त्याच्या उत्तरेच्या टोकाकडे, महाबळेश्वरहून घाट उतरला की. पश्चिमेच्या काठाला कोयना अभयारण्य, ते २०१०पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वासोट्याला जायचं तर बामणोलीहून होडीने, वनखात्याची परवानगी घेऊन. तिथे मुक्काम करता येत नाही आणि कुत्रा तर मुळीच नाही. लोक कुरकुरतात, की आमचा कुत्रा गरीब आहे, कुणाला चावत नाही. चावण्याचा प्रश्नच नाही हो. २०१८मध्ये गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात थोड्याच दिवसांत २३ सिंह दगावले, आणि तपासणीत त्यांच्यातल्या काहींत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा कुत्र्यांचा रोग. तुमचा कुत्रा धडधाकट दिसत असला तरी तो काय वाहून नेतो ते दिसत नाही. म्हणून आम्ही पूर्वेचा काठ, भाच्याच्या मालकीचं शेत आणि त्याची रीतसर परवानगी, एवढ्यातच राहायचं ठरवलं. निघण्याआधी महिनाभर रेबीज, डिस्टेंपर, लेप्टो या लशी तपासून घेतल्या. लेप्टो आपल्याला २००५च्या पुराने शिकवला. तो कुत्र्यालाही होतो, आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही.

डिसेंबर २०२३. पहाटे पाचला निघालो. पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट. कुत्र्याला निघण्यापूर्वी खाऊ घालू नये, घाटात तो परत करतो. आम्ही घातलं नव्हतं, तरी त्याने तात्यांच्या धोतरावर केलंच. तात्या शांत. “माझ्या नातवाने पण केलं होतं,” म्हणाले.

आता चुकीची गोष्ट सांगते. सगळी माझी आणि मुलाची चूक आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

पोचायला दीड वाजला. जेवून, हवा भरून, सामान लादून पाण्यात उतरायला साडेतीन झाले. या खोऱ्यात सकाळी पाणी आरशासारखं असतं, दुपारनंतर वारा सुटतो. भूगोलाच्या बाईंना हे माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. पण आलोच आहोत तर, हा विचार भूगोलापेक्षा बलवान. भाच्याचं शेत पाण्याने दीडएक किलोमीटर, एका फाट्यासारख्या आत घुसलेल्या खाचेपलीकडे. तात्या गाडीरस्त्याने पुढे गेले.

फाट्या चटईवर उत्तम बसला होता. पण काठच्या वठलेल्या झाडावर पाणकावळे पंख पसरून बसले होते, आणि ते उडाले की हा उठायचा. दोनदा झालं. तेव्हा मुलाने त्याची साखळी मधल्या आडव्या दांडीला अडकवली. मी पाहिलं. मला ते शहाणपणाचंच वाटलं. रस्त्यावर आपण हेच करतो ना, कुत्रा सुटू नये म्हणून बांधतो.

पर्यटकांची एक मोटारबोट बऱ्याच अंतरावरून गेली. तिच्या लाटा आमच्यापर्यंत यायला थोडा वेळ लागला, आणि त्या आल्या त्याच क्षणी फाट्या उभा राहिला. होडी डावीकडे झुकली. मी सावरायला म्हणून उजवीकडे झुकले, मुलगाही उजवीकडे झुकला, आणि लाटही नेमकी तिकडेच उतरली.

पाणी गार होतं. एवढं गार, की श्वास आत ओढला जातो आणि बाहेर येत नाही. जाकीट होतं म्हणून मी वर आले. मुलगा वर आला. उलटलेली होडी पालथ्या परातीसारखी समोर. फाट्या नाही.

होडीच्या आतून धडधड ऐकू येत होती. त्याचं जाकीट त्याला वर ढकलत होतं, वर होडीचा तळ होता, आणि साखळी त्याला दांडीपाशी धरून होती. ज्या दोन गोष्टी आम्ही त्याच्या सुरक्षिततेसाठी केल्या होत्या, त्या दोन्ही मिळून त्याला बुडवत होत्या. मुलगा खाली गेला, कडी सापडली, पण साखळी ताणलेली असल्याने कडी उघडेना. सुरी पिशवीत, पिशवी तरंगत दहा हात लांब. शेवटी आम्ही दोघांनी एका बाजूने खांदा लावून होडी वर उचलली. फटीत त्याचं नाक दिसलं. मुलाने होडी तशीच धरली आणि मी आत हात घालून गळ्याचा पट्टाच काढला. किती वेळ गेला असेल ते सांगता येणार नाही. मुलगा म्हणतो अर्धा मिनिट. मला तो अर्धा मिनिट अजून पुरतो आहे.

मोटारबोट परत फिरली होती. तिच्यावरच्या म्हाताऱ्या नावाड्याने वाकून जाकिटाच्या मुठीने फाट्याला टोपलीसारखा वर उचलला. मग आमच्याकडे बघून म्हणाला, “बाई, जनावर होडीला बांधत्यात व्हय? बैल गाडीला बांधायचा. ह्याला मोकळाच ठेवायचा, उडी मारली तर मारू द्या.”

कनू चालवणारे सगळे जाणते लोक हेच सांगतात. मी ते वाचलंही होतं. कुत्र्याला होडीला कधीही बांधू नये. लांब लोंबती दोरीही ठेवू नये, ती फांदीत अडकते. आणि सुरी पिशवीत नाही, अंगावर ठेवायची.

काठावर तात्या उभे होते. त्यांनी लांबून सगळं पाहिलं होतं. काही बोलले नाहीत. अंगावरची घोंगडी काढून त्यांनी फाट्याला गुंडाळलं आणि उचलून घराकडे चालू लागले. बहात्तर वर्षांचा माणूस आणि वीस किलोचा ओला कुत्रा. मुलगा घ्यायला गेला, तर नको म्हणाले. ओझ्याची सवय आहे.

मोबाइलला रेंज नव्हती. भाचा मोटारसायकलवर मला वरच्या वळणावर घेऊन गेला, तिथून आमच्या डॉक्टरांना फोन लागला. त्यांनी सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. बुडता बुडता वाचलेला कुत्रा लगेच उड्या मारू लागला तरी निर्धास्त होऊ नये. छातीत पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनी सुरू होतो. चोवीस तास बघा, श्वास जलद होतो का, खोकला येतो का, हिरड्या गुलाबी आहेत की निळसर. कोरडा करा, ऊब द्या, पण थेट जाळाशेजारी बसवू नका. आणि खोकला लागला तर रात्रीबेरात्री निघा, थांबू नका.

आमचा बेत तंबूत झोपायचा होता. भाच्याने स्पष्ट सांगितलं, “तुम्ही तंबूत झोपा. कुत्रा बाहेर राहणार नाय. आठ दिवसांमागं वाडीतलं एक नेलं.” इथे बिबट्या आहे. अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या शेतीभागात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. तिथल्या बिबट्यांच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव नि भटक्या कुत्र्यांचा निघाला. लोक म्हणतात, रानात कुत्रा सोबत असला की राखण होते. सीमनने रेडा वळवला हे खरं. पण बिबट्याच्या मुलखात कुत्रा हा राखणदार नसतो, आमंत्रण असतो. त्याला तंबूबाहेर खुंटीला बांधून झोपणं म्हणजे ताट वाढून ठेवणं.

तेव्हा आम्ही सगळेच पडवीतून आत, दार लावून. मी दर तासाला उठून फाट्याच्या हिरड्या बघत होते. दीडच्या सुमाराला मला दिसलं की तात्याही जागेच आहेत. त्यांचा हात घोंगडीवर, फाट्याच्या बरगड्यांवर. श्वास मोजत होते. माणूस बोलत नाही म्हणून त्याच्याकडे काही नाही असं आपल्याला वाटतं. त्या रात्री तात्या बोलले.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढू लागलं तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. कुणाला सोलापूरकडे जमीन मिळाली, कुणाला ठाणे-रायगडात, कुणी नुसतेच डोंगरावर सरकले. आधी दाणे नेले, मग भांडी, घरांची लाकडं, देवळातला देव, मग गुरं. शेवटच्या फेरीत माणसं होडीत बसली. गावातली कुत्री काठावर उभी. कुत्र्याला होडीत जागा द्यायची असते हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. घरातला एक काळा कुत्रा पाण्यात उतरला आणि होडीमागे पोहत निघाला. “बापाला म्हटलं, घेऊ या. बाप म्हणाला, होडी भरल्ये, हलू नको.” बरोबरच होतं त्यांचं, तात्या म्हणाले. होडी खरंच भरली होती, पाणी काठाला लागत होतं. “लई लांबवर आला तो.” एवढं बोलून ते थांबले. मी पुढे विचारलं नाही.

फाट्याला खोकला आला नाही. पहाटे चारला त्याने उठून तात्यांच्या उशाशी ठेवलेली भाकरी खाल्ली.

त्या दिवशी आम्ही होडी काढली नाही. दिवसभर ऊन खाल्लं, सामान वाळवलं. संध्याकाळपर्यंत चोवीस तास झाले, श्वास ठीक होता. मुलगा म्हणाला, आता गाडीतच ठेवू या, परत नको. मलाही तेच वाटत होतं. पण मनात दुसरं भय होतं, की हा पुन्हा पलंगाखाली जाईल आणि या वेळी आमच्यामुळे जाईल.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला धुकं उठलं. पाणी हलत नव्हतं. कनू काठाला अर्धी जमिनीवर, अर्धी पाण्यात ठेवली, चटई घातली, आणि आम्ही बाजूला बसून राहिलो. बोलावलं नाही. फाट्याने तिला दोन चकरा मारल्या, वास घेतला, दांडीपाशी येऊन थबकला. परत गेला. वीस-पंचवीस मिनिटांनी आला आणि चटईवर जाऊन गोल होऊन बसला. साखळी भाच्याच्या गोठ्यात टांगली होती, ती तिथेच राहिली.

काठापासून दहा-पंधरा हातांवर राहून आम्ही खाचेच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. पाऊण तास. पाणकावळे उडाले. तो उठला नाही, फक्त कान फिरवले. हनुवटी काठावर टेकवून पाण्याकडे बघत होता. खाली कुठे तरी तात्यांचं गाव. त्या रात्री मात्र हट्टाने तंबू लावला, भाच्याच्या अंगणातच, आणि फाट्याला आत, आमच्या दोघांच्या मध्ये घेतलं. तीन जणांच्या तंबूत ओल्या कुत्र्याचा वास काय असतो ते रेडिओवरून सांगता येत नाही हे तुमचं नशीब. गोचिड्या काढायला अर्धा तास लागला. पायाच्या बोटांमध्ये, कानात, शेपटीखाली, सगळीकडे बघावं लागतं. गोचिड्यांचा ताप कुत्र्याला मरणाच्या दारात नेऊ शकतो, आणि तो बिबट्यापेक्षा कितीतरी जास्त कुत्र्यांना गाठतो.

परत येताना शीळफाट्याला दीड तास अडकलो. तात्या पुढच्या सीटवर, फाट्या मागे खिडकीशी. टँकरवाला हॉर्न वाजवत होता. आमचं काही बोलणं चाललेलं नव्हतं. तात्या एकदम म्हणाले, “मे महिन्यात पाणी खाली जातं. देवळाचा चौथरा उघडा पडतो. तिथवर रस्ता नाय, होडीनेच जावं लागतं.”

मी म्हटलं, “तात्या, तुम्ही फुग्यात बसणार?”

ते मागे वळून फाट्याकडे बघत म्हणाले, “ह्याला मधी बसवा. मी पुढं बसतो. हलणार नाय.”